काळ्या मातीचा प्लूटो

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही प्लूटोवर उभे आहात. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? सूर्य म्हणजे नुसता झगझगीत ठिपका. एकीकडे पाण्याच्या बर्फाचे डोंगर, आपल्या मेळघाटापेक्षा कितीतरी उंच. दुसरीकडे मिथेनच्या बर्फाचे धारदार सुळके. खाली काळपट लाल पट्टा. मधोमध पत्त्यातल्यासारखा पांढराशुभ्र बदाम आणि त्याच्या डाव्या भागात गोठलेल्या नायट्रोजनचं सपाट मैदान.

हे सगळं मी नातीसाठी, प्रियदर्शनीसाठी, एका जुन्या फुटबॉलवर बसवलं. अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बोलायचं होतं. "आबाजी, तुमी मागं उभे राहा. मी अडली तर सांगा," एवढीच तिची अट.

शेतातली काळी माती लिंपली, बदामाला चुना, पट्ट्याला गेरू. मग गोळा उन्हात ठेवला.

"कावून उन्हात ठेवता? तडकन ना!" मनकर्णा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"मी विज्ञान शिकवलं आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी प्लूटोला भेगाच भेगा. जन्मभर हिवरखेडच्या काळ्या रानात वावरलो, आणि काळी माती वाळली की फाटते एवढंच विसरलो. मी घाईनं ओली माती थापू लागलो.

"आबाजी, हात काढा!" प्रियदर्शनीनं प्लूटोजवळून गेलेल्या यानानं काढलेला फोटो समोर धरला. त्या मैदानावरही असेच तुकडे होते. "तिथं बी ऊन लागलं का?"

"नाही गं. तिथं खालचा बर्फ हळूहळू वर येतो, वरचा खाली जातो. रटरटत्या पिठल्यासारखं, पण फार फार सावकाश."

तिनं मैदानातल्या भेगा ठेवल्या, बाकीच्या बुजवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात परीक्षक बाईंनी त्याच भेगांवर बोट ठेवलं. "वा! या कशा दाखवल्या?"

मी मागून तोंड उघडलं. "मुद्दामच..."

"मुद्दाम नाही, मॅडम," प्रियदर्शनी म्हणाली. "आबाजींनं उन्हात ठेवला, मून तडकला. प्लूटोवर कारण येगळं हाये."

बाई हसल्या. मी टोपी सारखी केली. दुसरं काय करणार?

ती क्षणभर थांबली. मी पुढचं वाक्य पुटपुटलो. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. गोळा फिरवला, लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि बोलू लागली.