सातव्या पानावरची सही

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंनी सातव्या पानावर सही करायला नकार दिला. पान परत मालकांच्या टेबलावर ठेवलं, पेनाला टोपण लावलं आणि त्या आपल्या खोलीत जाऊन इयत्ता सहावीचं भूगोलाचं पुस्तक तपासायला बसल्या.

सातव्या पानावर एकच वाक्य होतं. ‘या कादंबरीत वर्णन केलेली सर्व हस्तलिखिते, परिषदा आणि मतदाने हे ऐतिहासिक सत्य आहे.’ खाली लेखकाचं नाव.

कादंबरी चारशे बारा पानांची. तिच्यातली संशोधक नायिका एका तळघरात खड्यांनी भरलेली पेटी शोधून काढते. चौथ्या शतकात एका सम्राटाने धर्मगुरूंची परिषद बोलावली, टेबलावर येशूचं चरित्र सांगणारी सगळी शुभवर्तमानं मांडली आणि काळ्या-पांढऱ्या खड्यांनी मत घेतलं, असं त्या पेटीवरून सिद्ध होतं. येशूच्या पुनरुत्थानाचा भाग एकोणीस खड्यांनी पास होतो. लेखकाच्या आधीच्या तीन पुस्तकांनी छापखान्याचं नवं मशीन आणलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मशीनवर त्याच्या फोटोचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

छापखान्याचा एक नियम होता. थोरल्या मालकांच्या काळात औषधांच्या एका पुस्तिकेत मात्रेचा आकडा चुकला. कुणी दगावलं नाही, पण त्या दिवसापासून थोरल्या मालकांनी शेवटच्या प्रूफवर दोन सह्या सुरू केल्या. डावीकडे लेखकाची, उजवीकडे मुद्रितशोधकाची. दोन्ही असल्याशिवाय सोळा पानांचा फर्मा मशीनवर चढत नसे. बाई सव्वीस वर्षं उजवीकडे सही करत होत्या. एकदाही अडवलं नव्हतं.

साडेअकराला मालकांनी त्यांना बोलावलं. लेखक आधीच येऊन बसला होता. मालक थोरल्यांचे चिरंजीव. ते हाफ पँटीत शाळेतून येऊन कागदाच्या रिमांवर झोपायचे, ते बाईंनी पाहिलं होतं. त्यामुळे बाईंशी कडक बोलायची वेळ आली की ते आधी चष्मा पुसत. आज त्यांनी तो दोनदा पुसला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईंचं काम चुका काढायचं. मत द्यायचं नाही. बाईंच्या भावना त्यांना समजतात, आपल्याकडे सगळ्या धर्मांची माणसं काम करतात, पण ही शेवटी गोष्ट आहे.

बाईंनी विचारलं, की भावनांचा विषय कुणी काढला. एकशे सात प्रश्न त्यांनी समासात लिहिले होते, त्यांत भावना एकाही ठिकाणी नव्हती. परिषद झाली, हे खरं. तिथे केलेले वीस नियम आजही वाचायला मिळतात. त्यांत कुठली पुस्तकं ठेवायची याबद्दल एक अक्षर नाही. चारच शुभवर्तमानं मानावीत असं एका धर्मगुरूने त्या परिषदेच्या सुमारे दीडशे वर्षं आधी लिहून ठेवलंय. पुनरुत्थानाबद्दल एका प्रेषिताचं पत्र आहे, ते परिषदेआधी अडीचशेहून अधिक वर्षं. खडे कुठून आले, एवढंच त्या विचारत होत्या.

लेखक शांत माणूस होता. तो म्हणाला, वाचक दूधखुळा नाही, त्याला कादंबरी कळते.

“मग ते पान काढा,” बाई म्हणाल्या.

“पान काढलं तर पुस्तकात राहिलं काय?”

“कादंबरी. चांगली आहे. मी दोनदा वाचली, एकदाच कामासाठी.”

लेखकाला हसू आलं, पण ते त्याने आवरलं. बाई पुढे म्हणाल्या, की कादंबरीने हवं ते बोलावं, तिला कोण अडवतंय. खडे टाका, गोट्या टाका. पण सातवं पान ही गोष्ट नाही. ते पान शपथेवर बोलतं, आणि त्याखाली त्यांची सही मागितली जाते.

मालकांनी उद्या सकाळपर्यंत मुदत दिली. सही नसेल तर उजवीकडची जागा दुसरं कुणीतरी भरेल, आणि ती मग कायमचीच भरलेली असेल, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले.

बाई बावन्न वर्षांच्या. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई. धाकटा भाऊ चर्चमधल्या मंडळीचा पाळक. रविवारी बाई त्याला पाळकसाहेब म्हणत, बाकीचे सहा दिवस बारक्या.

कादंबरीचं एक प्रकरण दोन आठवड्यांपूर्वी एका साप्ताहिकात आलं होतं, सातव्या पानावरच्या वाक्यासकट. आई भिंग धरून सगळं वाचायची. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. मुलगी छापखान्यात, त्यामुळे छापलेल्यावर तिचा फार विश्वास. तिने तो अंक आठवडाभर उशाशी ठेवला. मग एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून तिने बाईंना विचारलं, “मग तुझ्या बाबांना आपण काय सांगून मातीत ठेवलं गं?” दफनाच्या वेळी पुनरुत्थानाचंच वचन वाचलं होतं.

बाईंनी तिला समजावलं, की ही कादंबरी आहे. आईने भिंग सरळ त्या वाक्यावर ठेवलं. बाईंकडे उत्तर होतं, पण ते तोंडी होतं. आईच्या हातातलं छापील होतं.

तो अंक वाचून भाऊही पेटला होता. कादंबरी येऊच नये म्हणून अर्ज करायचा, उपासनेनंतर दारात टेबल टाकून सह्या घ्यायच्या, असं त्याने ठरवलं. दोनशे अकरा सह्या झाल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी तो कागद घेऊन घरी आला. त्याला ताईची सही हवी होती, आणि प्रूफाच्या पानांच्या प्रतीही.

प्रेसमधलं पान बाहेर जात नाही, असं बाईंनी सांगितलं. मग त्याने निदान प्रश्न तरी वाचून दाखव म्हटलं. ते मात्र त्यांनी आठवून आठवून सांगितले. तो खूश होत गेला. मग बाई म्हणाल्या, की तेवीस ठिकाणी त्यांनी ‘बरोबर’ असंही लिहिलं आहे. एका शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत नाहीत, असं कादंबरीतला प्राध्यापक म्हणतो. तिथे बरोबर.

भावाचा चेहरा उतरला. “हे त्याच्या हातात कशाला द्यायचं, ताई?”

“खरं आहे म्हणून. तुलाही माहितीये. तुझ्या पवित्र शास्त्रातसुद्धा तळाशी बारीक अक्षरात दिलंय, उघडून बघ.”

“मला माहितीये. पण मंडळीला सांगायची एक वेळ असते.”

“कुठली? बारा वर्षं पाळक आहेस.”

आई पलंगावरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भाऊ म्हणाला, की तू अशी दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहिलीस तर दोन्हीकडून जाशील. तिकडे नोकरी जाईल आणि इकडे लोक विचारतील, पाळकाच्या बहिणीचीच सही का नाही.

“सांग त्यांना, सध्या ती कुठेच सही करत नाहीये,” बाई म्हणाल्या. “बंदी आणून तू आईला काय सांगणार आहेस? की उत्तर नव्हतं म्हणून पुस्तकच बंद केलं?”

तो जेवला नाही. जाताना अर्ज मात्र टेबलावर ठेवून गेला.

मंगळवारी सकाळी बाईंनी सही केली नाही. मालकांनी त्यांना काही विचारलंही नाही. त्यांनी थेट डावऱ्याला बोलावलं. डावऱ्या म्हणजे संगणकावर मजकुराची जुळणी करणारा. डाव्या हाताने माउस चालवायचा म्हणून हे नाव, खरं नाव पगारपत्रकातच. त्याला सांगितलं, बाईंच्या खुणांची प्रत घे, त्यातल्या दुरुस्त्या लाव आणि पहिला फर्मा संध्याकाळी मशीनवर जाऊ दे. सह्यांचं मी बघतो.

बाई दिवसभर आपल्या जागी होत्या. भूगोलात नदी उलट्या दिशेला वाहत होती, ती त्यांनी सरळ केली.

बुधवारी सकाळी पावणेनऊला मशीनवाल्याने छापलेल्या फर्म्याचा एक कागद उचलून उजेडात धरला आणि मालकांना फोन केला.

पहिल्या सोळा पानांत अकरा तळटिपा छापल्या गेल्या होत्या. सातव्या पानावरच्या त्या वाक्यानंतर छोटा १ होता, आणि पानाच्या तळाशी रेघेखाली स्वच्छ अक्षरात: ‘१. कशावरून? आधार दाखवावा.’ पुढे अकराव्या पानावर परिषदेच्या वीस नियमांची टीप. तेराव्यावर प्राध्यापकाच्या त्या वाक्याखाली: ‘९. बरोबर.’

मालक अर्ध्या तासात आले. चष्मा पुसला नाही. बाईंनी हे मुद्दाम केलं, छापखाना बुडवायला निघाल्यात, असं ते मशीनपाशी सगळ्यांसमोर म्हणाले.

“मुद्दाम केलं असतं तर क्रम चुकला नसता,” बाई म्हणाल्या. “चारनंतर सहा आलाय.”

मशीनवाल्याने तोंड फिरवलं. डावऱ्या पुढे आला आणि त्याने सरळ सांगितलं, की चूक त्याची. त्यांच्याकडे दहातली नऊ कामं शाळेच्या पुस्तकांची. त्यात उजव्या समासात गोल केलेला आकडा असला की ती तळटीप, हे त्याच्या बोटांना पाठ. मालक म्हणाले दुरुस्त्या लाव, त्याने लावल्या. वाचत बसायला वेळ कुठे दिला होता.

बाईंनी त्याला एकट्याला अडकू दिलं नाही. कादंबरी असली की प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पानाला लावायचे, ही पद्धत. एकशे सात चिठ्ठ्या कोण लावणार म्हणून त्यांनी सवयीने समासातच गोल आकडे केले. तेवढी चूक त्यांची, असं त्या म्हणाल्या, आणि मालकांच्या डायरीत तसं लिहूनही दिलं.

“आणि बाकीचं?” मालकांनी विचारलं.

“बाकीचं बरोबर आहे. त्याची माफी मी मागणार नाही.”

मालकांनी त्यांना दुपारी घरी जायला सांगितलं. कायमचं की आजच्यापुरतं, ते सांगितलं नाही. बाई गेल्या नाहीत. भूगोलाची चौदा पानं उरली होती.

अकराच्या सुमारास भाऊ आला. बातमी त्याला कुठून लागली कोण जाणे. तो फाटकातच थांबून बाईंना म्हणाला, की एक कागद दे, फक्त एक, रविवारी मंडळीसमोर वाचतो. प्रभूने स्वतः यंत्राला हात लावलाय.

“यंत्राला डावऱ्याने हात लावलाय,” बाई म्हणाल्या. “आणि वाचायचंच असेल तर नऊ नंबरची टीपही वाचावी लागेल. वाचशील?”

 तो म्हणाला, की विचार करतो. फाटकाबाहेर तो बराच वेळ स्कूटर सुरू न करता बसून होता, असं मशीनवाल्याने नंतर सांगितलं.

लेखक दीडला आला. त्याला कुणी बसा म्हटलं नाही. फर्म्याच्या थप्पीपाशी उभ्या उभ्या त्याने सोळाही पानं वाचली. आधी मजकूर, मग टिपा, मग फक्त टिपा. मालक सांगत होते, की रात्रीत सगळं नव्याने छापू, टिपा काढू, खर्च छापखान्याचा. लेखकाने ऐकल्यासारखं दाखवलं नाही. एक कागद घडी करून बॅगेत टाकला. बाईंच्या खोलीच्या दारात थांबून विचारलं, “अशा एकूण किती?”

“एकशे सात प्रश्न. तेवीस बरोबर.”

“तेवीसच?”

“तेवीसच.”

तो गेला. मालकांनी मशीन थांबवून ठेवायला सांगितलं.

पाच चाळीसला लेखकाचा फोन आला. त्याला मालक नको होते, बाई हव्या होत्या. त्याने विचारलं, ते वीस नियम वाचायला कुठे मिळतील. बाईंनी भावाच्या अभ्यासखोलीतलं कपाट आणि त्याचा नंबर सांगितला. त्याने ते लिहून घेतलं. मग, पान ठेवणार की काढणार, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, आधी वाचू द्या.

बाई सहा वाजता घरी पोचल्या. आईने भिंग मागितलं. बाईंनी ते दिलं, पण वाचायला काही आणलं नव्हतं. प्रेसमधलं पान बाहेर जात नाही. टेबलावर भावाचा अर्ज तसाच होता, दोनशे बारावी ओळ रिकामी.

छापखान्यात सातव्या पानाचं शेवटचं प्रूफ अजून मालकांच्या टेबलावर आहे. गुरुवारी सकाळी आठ वाजेपर्यंत त्याच्या डावीकडेही सही नव्हती, आणि उजवीकडेही.