तेल प्यायलेले पाय

जिल्ह्याच्या सायकल संघात आपली निवड ठरलेलीच आहे, अशा थाटात निकेश गावभर मिरवत होता. सराव म्हणाल तर तो रोज ओट्यावर बसून मांड्यांना मोहाच्या टोरीचे, म्हणजे बियांचे, घरात तळणीला वापरायचे तेल चोळायचा. तेल मुरले की ताकद आपोआप येते, ही त्याची अक्कल. नवी सायकल भिंतीला टेकूनच असे.

धाकटी बहीण दिव्यानी धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल तुडवून यायची आणि आज्याच्या जुन्या सायकलवर कुरखेड्याला कॉलेजात जायची.

"पाय पाह्य तुये, म्हशीवानी!" निकेश खिदळायचा.

"अन् तुये भज्यावानी. नुसतं तेल!"

निवडीच्या शर्यतीत दिव्यानीनेही नाव दिले होते; मुलेमुली एकत्रच सुटली. पहिल्याच चढावर निकेशच्या चकचकीत मांड्या लटपटल्या. त्याला उतरून सायकल ढकलावी लागली. मागून दिव्यानी आली आणि न थांबता पुढे गेली.

"काऊन दादा, तेल संपलं का?"

संध्याकाळी संघात निवडलेली दिव्यानी घरी आली, तेव्हा आजी गुणाबाईने निकेशच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली.

"आण इकडं. पोरीसाठी वडे तरी तळू."