तंगूसचे दोन वेढे

मी एक चक्री बोलतेय. जन्मले पतंगासाठी, आयुष्य गेलं मासे धरण्यात. आज सकाळपासून प्रियंकाच्या मांडीवर पडून आहे आणि ती माझा तंगूस, मासे धरायची नायलॉनची दोरी, नकळत बोटाला गुंडाळतेय.

सुरुवात एका फोटोनं झाली. फोटो तसा आनंदाचाच. अंदमानच्या समुद्रात बोटीवर तिचा भाऊ अश्वजित हसत उभा, पायाशी वासराएवढा ट्यूना मासा. इंदूबाईंनी फोनवरूनच लेकाची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. प्रियंकानं मात्र फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि तिचा अंगठा थांबला. अश्वजितच्या डाव्या हातात मोजा नव्हता. तळहातावर दोन लाल वळ होते, अगदी शेजारीशेजारी.

ते वळ मी ओळखते. ते माझेच.

पुसदच्या बाजारातून तिच्या वडिलांनी, मारोतीबाबांनी, मला संक्रांतीला आणलं. पहिल्याच दिवशी पतंग कटला, मांजा गेला. बाबा गवंडीकाम करायचे. रविवारी सुटी. त्यांनी माझ्यावर तंगूस गुंडाळला, टोकाला गळ बांधला आणि दोन्ही लेकरांना धरणावर नेलं. प्रियंका दहा वर्षांची, अश्वजित सहाचा.

प्रियंका भारी दचकरी. मासा गळाशी जरा टुचकला की ती किंचाळायची आणि मला थेट पाण्यात भिरकवायची. बाबा मला बाहेर काढत हसायचे, "ही पोट्टी मासा नाही धरत, मासाच हिले धरून नेईन एखांद्या दिवशी!"

तिला ते लागलं. मग तिनंच युक्ती काढली. तंगूसचे दोन वेढे तळहाताला घ्यायचे. कितीही दचकलं तरी सुटत नाही. धाकट्यालाही तिनंच शिकवलं, "दोन वेढे घे रे अश्व्या, गच्च."

धरणातला मासा असून असून केवढा? तळहातावर वळ उठायचे, एवढंच. अश्वजित ते शाळेत दाखवत फिरायचा.

पुढं प्रियंका कॉलेजात गेली, मी दाराआडच्या खिळ्यावर. माझ्या दांड्यांमधे कोळ्यानं घर केलं. अश्वजितला त्या बोटीवर काम लागलं. हौशी साहेब लोक गळाच्या मोठमोठ्या काठ्या घेऊन तीन-तीन दिवस खोल समुद्रात जातात, त्यांच्यासोबत. निघताना तो मला हातात घेऊन बघत राहिला, मग परत खिळ्याला अडकवलं. "राहू दे ताईपाशी."

आज फोटोमागोमाग त्याच्या आवाजातला निरोप आला होता. "ताई, आज तं कहरच झाला! पहाटपासून सात ट्यूना! साहेब काठीनं खेचते, अन् मासा बोटीपाशी आला का शेवटची दोरी हातानं धराचं काम आपलं. मोजा घालाले लावते, पण त्यानं मासा कळतच नाही, म्हणून काढून फेकला. सारे मले वस्ताद म्हणून राह्यले! आता अजून आत चाललो. परवा येतो रेंजमंधी. अन् सारखी फोन नको करू वो, पोट्टे हासते."

तिनं तरीही लावला. घंटी वाजत राहिली. त्यानं उचलला नाही. ताई काय, रोजच घाबरते, असं वाटलं असणार त्याला. तिनं लिहिलं, "वेढे घेऊ नको." एकच टिक, पोचलंच नाही. नंतर तेच बाईचं बोलणं, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बोटीच्या ऑफिसचा नंबर लागेना.

इंदूबाई तूर निवडत म्हणाल्या, "तुयं नेहमीचंच हाय. पाल चुकचुकली तरी उडते. जेव आधी."

"आई, तो मासा माणसापेक्षा जड हाय! हात सुटला नाही तं?"

"कायले असं अभद्र बोलतं वो?"

"मीच शिकवलं त्याले," प्रियंका म्हणाली. पण इतकं हळू, की ते मलाच ऐकू आलं.

तोवर तिनं मला खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं होतं. माझा रंग गेलाय, एक चाक चिरलंय. कुणाचं वाईट चिंतलं नाही मी. मला फिरणं ठाऊक. ओढलं की सोडायचं, हाच माझा धर्म. धरून ठेवायचं माणसांनी ठरवलं. म्हणून एकच मागणं आहे. दोरी मुठीत धरा, मुठीला बांधू नका. ओढणारा मोठा निघाला तर सोडता आलं पाहिजे. हे सांगायला मला तोंड असतं, तर त्या दिवशी धरणावरच सांगितलं असतं.

दुपारी चारला तिनं कितव्यांदा तरी बटण दाबलं. आणि घंटी वाजली.

"पाय, लागला का नाही!" इंदूबाईंनी सूप खाली ठेवलं.

प्रियंकाच्या मनात वेगळंच आलं. बोट तर परवा रेंजमधे येणार होती. आजच कशी परतली? तिच्या बोटाभोवतीचा तंगूस आणखी आवळला गेला. बोटाचं टोक निळं पडलं. मी माझ्यापरीनं सैल पडायला बघत होते, पण तिनं मला घट्ट धरलेलं.

चौथ्या घंटीला कुणीतरी फोन उचलला. मागं इंजिनाची घरघर, कुणाची तरी पळापळ. आवाज परका होता.

"हॅलो... इधर फोन पे 'ताई' लिखा है. आप अश्वजित की कौन?"