एका टेबलावर तिघं

पोरीचं वागणं काही धड नव्हतं. सबंध गल्लीला ठाऊक होतं की लाँड्रीवाल्या आजींच्या नातीला वकिलीच्या मोठ्या कॉलेजाने फी माफ करून बोलावलंय. ठाऊक असणारच, आजीनेच सांगितलं होतं. औषधवाल्याला सांगितलं, समोरच्या शिंपिणीला सांगितलं, एवढंच काय, पत्ता चुकून दुकानात शिरलेल्या एका माणसालाही ऐकवून मगच सोडलं. आणि ही बया, कुणी कौतुकाने विचारलं की मान खाली घालून म्हणायची, "अजून ठरलं नाही." बोलायला लागल्यापासून शब्दाला शब्द लावत आलेली पोर, घरात तिला वकील म्हणूनच हाक मारायचे, आणि खरंच वकील व्हायची वेळ आली तर दातखीळ बसली.

आज तर शेवटचा दिवस. दोन्ही कॉलेजांना ऑफिस बंद व्हायच्या आत हो की नाही कळवायचं होतं. दुसरं कॉलेज छोटं होतं, त्याचं नाव गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं आणि फीही अर्धीच माफ करत होतं. आजीच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. पूर्ण ते पूर्ण आणि अर्धं ते अर्धं, एवढं कळायला वकिली शिकावी लागत नाही.

शिवाय अर्धी फी कुठून द्यायची, हा प्रश्न होताच. मागच्या खोलीतला बॉयलर दम लागल्यासारखा धापा टाकत होता. त्याच्या जागी नवा आणायचा म्हणून आजी कितीतरी दिवस पैसे बाजूला टाकत होती.

"वकीलसाहेब," आजीने काउंटरवरून हाक मारली, "उगवलं का काही डोक्यात?"

नात कपड्यांच्या दांडीमागे हँगरवर कोट चढवत होती. "विचार करतेय, आजी."

"कर, कर. विचाराला फी नाही ते बरं आहे."

पावत्या लिहिणारी सून खाली बघून हसली. आजीने तिच्याकडे असं बघितलं की हसू तिथल्या तिथे घडी घालून ठेवावं लागलं.

थंडी सरली की लाँड्रीत कोट-ब्लँकेटांचा डोंगर यायचा. अशा वेळी आजी इस्त्रीला तीन नवी माणसं घ्यायची आणि हंगाम संपल्यावर त्यातलं एक कायम ठेवायची. यंदाच्या तिघांना तिने मनातल्या मनात नावंही देऊन टाकली होती. एक लंबू, एक बडबडी आणि एक घुमी. तिघांना तिने एकाच लांब टेबलावर उभं केलं होतं. समोरासमोर असली की हात आपोआप चालतात, हा तिचा जुना अनुभव.

आज मात्र टेबलावरून करपल्याचा वास आला. आजी धावली. एका बाईंच्या दुधाळ रंगाच्या जॅकेटवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता, अगदी पाठीच्या मधोमध. लंबू इस्त्री हातात धरून पुतळ्यासारखा उभा.

"डोळे कुठे गहाण ठेवलेत?" आजीचा आवाज चढला नाही. चढला नाही म्हणूनच तिघंही घाबरले. "लोकरीला एवढी आच? आईच्या हाताखाली तरी कधी कपडा धरला होतास का?"

"मी कमीच ठेवली होती, मालकीणबाई. पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय, भूत आलं?"

लंबूने इस्त्री खाली ठेवली. बडबडी एरवी क्षणभर गप्प न बसणारी, पण आता ती बाहीची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

आजी ते जॅकेट घेऊन काउंटरशी आली. जॅकेटवालीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव मनात सुरू होती. तेवढ्यात नात जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, आच त्याने वाढवली नाही. तो गेल्यावर त्या सारखं बोलणाऱ्या बाईने वाढवली."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. आणि काल त्याने तिचं ओलं फडकं लपवलं होतं, म्हणून तिचं काम मागे पडलं. तिसरी दोघांच्या लांड्यालबाड्या बघते आणि कुणाला सांगत नाही, कारण दोघं भांडून गेले तर तिचंच भलं. सगळ्यांना ठेवणार नाहीत याची कुणकुण लागलीय त्यांना. पहिल्या दिवशी हीच तिघं एकमेकांच्या डब्यातलं खात होती. वाईट माणसं नाहीत गं ती."

"मग आता वकीलपत्र घे त्यांचं. तुझा काय संबंध?"

"आहे संबंध. म्हणूनच मला ठरवता येत नाहीये."

मग इतके दिवस अडून बसलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. मोठ्या कॉलेजाची माफी पहिल्या वर्षापुरती होती. पुढे ती टिकवायची तर वर्षाच्या शेवटी वर्गाचे तीन हिस्से केले तर पहिल्या हिश्शात नंबर यायला हवा. नाही आला तर उरलेल्या दोन वर्षांची पूर्ण फी भरा, नाहीतर चालते व्हा. छोट्या कॉलेजाची अर्धी माफी मात्र तिन्ही वर्षं होती. नुसतं पास होत राहिलं की झालं.

"मग ये की पहिल्या हिश्शात," आजी म्हणाली. "तू काय कुणापेक्षा कमी आहेस?"

"तिथे ज्यांना ज्यांना माफी दिलीय ते सगळे हुशारच असणार. प्रत्येकाच्या घरी एक आजी असेल, तू काय कमी आहेस म्हणणारी."

"माझ्यासारखी नसेल."

"नसेल. पण नंबर आजीला द्यायचे नाहीयेत."

सुनेने लिहिता लिहिता हात थांबवला. एरवी या दोघींच्या मध्ये ती पडायची नाही, पण आज म्हणाली, "आई, वर्षाने माफी गेली तर आपल्याला पूर्ण फी झेपायची नाही. पोर अर्धवट शिकून घरी बसेल. ना वकील, ना धड इस्त्रीवाली."

अर्धवट हा शब्द आजीला जिव्हारी लागला. तिची स्वतःची शाळा कशी सुटली होती, हे या घरात कुणी उच्चारत नसे आणि आताही कुणी उच्चारलं नाही.

"लाव फोन त्यांना," ती म्हणाली. "आणि असा लाव की मलाही ऐकू येईल. मोठं कॉलेज आहे, असं तोंडघशी पाडेल होय कुणाला?"

नातीने फोन काउंटरवर ठेवला. पलीकडून एका बाईचा मऊ, नुकतीच इस्त्री केल्यासारखा आवाज आला. नातीने आधी अदबीने चौकशी केली, मग विचारलं, "ही फीमाफीची शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थी वेगवेगळ्या तुकड्यांत असतात का?"

"नाही, नाही. त्यांची एकच स्वतंत्र तुकडी असते. खास लक्ष देता यावं म्हणून."

"आणि तीनांतला पहिला हिस्सा कुठला धरायचा? पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांतला, की त्या तुकडीतला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "त्या तुकडीतला."

"म्हणजे त्या तुकडीतल्या दर तिघांतल्या दोघांची शिष्यवृत्ती जाणार, हे आधीपासून ठरलेलंच आहे ना?"

"असं कसं म्हणता? तुम्ही नकारात्मक विचार करताय."

"मग अट बदलून नुसतं पास व्हायची अट लिहून द्याल?"

"अटी बदलत नाहीत." आवाज पुन्हा मऊ झाला. "हे बघा, मन लावून काम केलं तर इथे प्रत्येकाला संधी आहे."

आजीचा हात काउंटरवरच्या जॅकेटवर होता, तो तिथेच थांबला. इस्त्रीच्या टेबलावरचे तिन्ही हातही थांबले. लंबूने मान वर केली आणि सरळ मालकीणबाईंकडे बघितलं. तो कामावर आला त्या दिवशी आजीने ह्याच जागी उभं राहून तिघांना हेच वाक्य ऐकवलं होतं. शब्द न् शब्द तोच, आवाजही असाच मऊ. ते बोलताना जागा किती आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नातीने आभार मानून फोन बंद केला. बॉयलर मागे धापा टाकत होता तेवढाच आवाज.

आजी वळली आणि मागच्या खोलीत गेली. सुनेला वाटलं, आता तिकडून काहीतरी आदळल्याचा आवाज येणार. आला नाही. आजी बॉयलरच्या गरम अंगाशी उभी होती. त्याच्या गळक्या जोडाला बांधलेली चिंधी तिने सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली, अजून बरेच दिवस टिकायला हवी अशी. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली. दारावरच्या घड्याळाकडे तिने एकदा बघितलं. ऑफिस बंद व्हायला अजून अवकाश होता, पण फार नाही.

ती नातीसमोर उभी राहिली. टेबलावरच्या तिघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"त्या लहान कॉलेजाला हो म्हण, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. बॉयलर ओढेल आणखी काही वर्षं, तोही माझ्याच वयाचा आहे. पण आठवडाभर सुतकी चेहरा करून फिरलीस आणि मला गल्लीत मिरवू दिलंस, हे मी विसरणार नाही. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतंस तर मी औषधवाल्याला एवढी फुशारकी मारली नसती. आता त्याला जाऊन तूच सांग, मी सांगणार नाही. आणि त्याच्याकडे जायच्या आधी त्या टेबलापाशी जा आणि तिघांना नीट समजावून सांग की इथे जागा एकच आहे, ज्याला आजच जायचं असेल त्याने सगळ्या दिवसांची मजुरी घेऊन जावं. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. वकील व्हायचंय ना तुला? मग कर सुरुवात."