बुटांची टोके दाराकडे

"माय, ओव्याचं पानी दे थोडं. गॅस झाला मले."

नरेंद्र ओट्यावर बसला होता. माझा मुलगा नगरपालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन. मेडशीकडच्या सोयाबीनच्या गंजीची आग विझवून तो नुकताच परतला होता. केसांत राख, कपाळावर घाम, आणि उजव्या हाताने तो डावा दंड चोळत होता. गमबूट मात्र त्याने उंबऱ्यापाशी नीट उतरवले होते, टोके दाराकडे करून. भोंगा झाला की पाय सरळ बुटात गेले पाहिजेत, ही त्याच्या वडिलांनी लावलेली शिस्त.

'पित्त' हा शब्द मी या घरात एकोणीस वर्षांपूर्वी बंद केला. चिरंजीव हुशार, त्याच दुखण्याला त्यांनी 'गॅस' हे नाव शोधले.

"दंड काहून चोयतं?"

"पाइप जड असते, माय. तुह्याच्यानं उचलनार नाई."

"आन् हा घाम?"

"आगीवर गेल्तो. लग्नात नाई गेल्तो."

सून मंजुषा हसली. मी हसले नाही.

"मंजुषा, ऑटो बोलाव. दवाखान्यात जाऊ."

"उद्या तपासनी हाय!" नरेंद्रचा आवाज चढला. "पाइप खांद्यावर घेऊन तीन मजले चढा लागते. आज दवाखान्यात नाव लागलं, तं गाडीवरून उतरोतील मले. फोनपाशी बसोतील."

"बसोतील तं बस."

एकोणीस वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी नरेंद्रचे वडील, दौलतराव, असेच याच ओट्यावर येऊन बसले होते. कापसाच्या जिनिंगची आग विझवून आले होते. छातीत जळजळते, म्हणाले. "पित्त हाय," असा निवाडा मी दिला. माझा निवाडा या घरात कोणी फिरवीत नसे, तेही नाहीत. ओवा आणि काळे मीठ मीच हातावर ठेवले. त्यांनी ते निमूट खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांचा हात गार लागला. उंबऱ्यापाशी बूट तयार उभे होते.

दवाखान्यात नरेंद्रच्या छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी पाहता पाहता डॉक्टरांनी मला विचारले, "कधीपासून दुखतंय यांना, आजी?"

"जिनिंगवरून आले तवापासून," मी म्हणाले. "मी ओवा देल्ला त्याईले."

नरेंद्रने पडल्या पडल्या माझे मनगट धरले.

"माय, जिनिंग नाई. मेडशीची गंजी. आन् ओवा तुनं देल्लाच नाई."

अकोल्याला नेऊन त्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तो वाचला. आता तो अग्निशमन केंद्रात फोनपाशी बसतो. आगीचा पत्ता लिहून घेतो आणि गाडी दुसऱ्यांना घेऊन जाताना पाहतो. घरी आला की माझ्याशी मोजके बोलतो. एकदाच त्याने विचारले, "तुनं मले वाचोलं, का बसोलं?"

"दोनी," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्याच्या गमबुटांवरची राख पुसली आणि टोके घराच्या आत वळवली.

सकाळी पाहते, तो टोके पुन्हा दाराकडे. नरेंद्र वर्तमानपत्र वाचत होता. त्याने वर पाहिले नाही. मी वाकून दोन्ही बूट आत वळवले.

तेव्हापासून रोज वळवते.