एका दगडावर तीन बाण

"हा दगड मला आता तोंडपाठ झालाय," सुहास माझ्या कानाशी पुटपुटला.

"हळू बोल, अण्णा ऐकतील."

"मग ऐकू देत. कुणीतरी सांगायलाच हवं. तू सांग, तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात म्हणे! माझ्या हातचा चहा पितात, एवढंच.

अण्णा म्हणजे माझे सासरे, सुहासचे वडील. कोपरगावात तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि स्काउटची पोरं सांभाळली. दर मे महिन्यात पोरांना घेऊन राजूरच्या पुढच्या या डोंगरात यायचे. गावातून वर चढायचं, रानातून डोंगराला पुरता वळसा घालायचा आणि जेवायला पुन्हा गावात. निवृत्तीनंतर पोरं सुटली आणि आम्ही सापडलो.

यंदा डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. अण्णांनी साफ उडवून लावलं. आठवडाभर अबोला धरल्यावर तह झाला. अण्णांनी आम्हाला न चुकता वळसा घालून आणलं, तर सोमवारचं ऑपरेशन रद्द. चुकले, तर निमूट जायचं. ते चुकावेत म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. आता ते चुकले होते, आणि मीच ते झाकून नेत होते.

डावीकडे वळायची खूण हिरड्याच्या बुंध्यावर होती, चांगला वीतभर पिवळा पट्टा. मला दिसला, सुहासला दिसला, आमच्या लेकीने, मनवाने, तर त्याचा फोटोही काढला. अण्णा दोन्ही वेळा त्याच्यासमोरून ताठ मानेनं उजवीकडे गेले. आम्हीही गेलो, मागोमाग, मेंढरांसारखे, आणि फिरून याच दगडापाशी आलो.

दगडापाशी आलं की अण्णा खिशातून खडू काढत, बाण काढत आणि जुन्या सवयीने ओरडत, "नंबर!"

"एक," सुहास.

"दोन," मी.

"तीन," मनवा, फोनमधून डोकं न काढता.

शेजारच्या जांभळीखाली एक बाई करवंदं घेऊन बसली होती. पहिल्या फेरीला अण्णांनी तिच्याकडून द्रोणभर घेतली. दुसऱ्या फेरीला पुन्हा घेतली आणि मोठ्यांदा म्हणाले, "या रानात करवंदवाल्या बायका फार वाढल्यात, नाही?"

मनवा फिसकन हसली. मी तिला चिमटा काढला आणि अण्णांच्या पाठीमागून त्या बाईला हात जोडले. ती पदरात हसली.

आणि आता ही तिसरी फेरी. डोक्यावर ऊन, बाटल्यांत घोटभर पाणी. अण्णांनी आधीच्या दोन बाणांच्या खाली तिसरा बाण काढला, अगदी रेखीव.

"नंबर!"

"एक."

"दोन."

"तीन."

"चार!" जांभळीखालून आवाज आला. "मलाबी घ्या की वं गुर्जी. सकाळधरनं तुमच्यातच हाय मी."

अण्णा सावकाश तिच्याकडे वळले.

"नाव काय बाई तुमचं?"

"पुष्पावती."

"पुष्पावतीबाई, एक द्रोण द्या."

"तिसरा व्हईल."

"ठाऊक आहे."

अण्णा दगडावर बसले ते नेमके घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी बाणांवरच. धोतर असतं तर झटकता आलं असतं. पँटवर तिन्ही बाण उमटले असणार.

"दुसऱ्या फेरीलाच आवाज ओळखला होता मी यांचा," ते म्हणाले. "म्हटलं, या खेपेला तरी वाट सापडेल."

"ऊनच असं आहे अण्णा," सुहास घाईघाईने म्हणाला. "कुणीही चुकेल."

"आणि खुणा किती पुसट झाल्यात," मी म्हटलं.

"तो पट्टा तर…" मनवाने फोन पुढे केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला.

अण्णांनी एक करवंद तोंडात टाकलं. चीक ओठाला लागला, तो पुसला. मग खडू माझ्या हातात ठेवला.

"पुसट नाहीत गं खुणा. विजया, मला दिसत नाही."