मला गोळी लागत नाही

मी एक उंट बोलतोय. वाळवंटातला नाही, बुद्धिबळाच्या पटावरचा. रंगाने काळा, दोन पेरं उंच, आणि तिरपं चालण्याची जन्मखोड. एका कारखान्यात मला आणि माझ्यासारख्या शेकडोंना एकाच दिवशी लाकडातून कातून काढलं. लाड वगैरे कोणी केले नाहीत.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या चहाच्या खोलीत आमचा संच असायचा. जेवणाच्या सुट्टीत लोक खेळायचे आणि मी रोज मरायचो. त्याचं मला काही वाटायचं नाही. मेलं की डब्यात पडायचं, तिथे आधी मेलेले सोबती भेटायचे, आणि दुसऱ्या डावाला सगळे पुन्हा पटावर. पुढे राजा हरवला, दोन प्यादी कोणीतरी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कोंबली, आणि संच निकामी झाला.

तेव्हा मला ताईने उचललं. ताई म्हणजे तिथली खेळांची आखणी करणारी. वयाने फार मोठी नव्हती, पण सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं. कंपनीला मोठं काम मिळालं होतं. एका गाजलेल्या मारधाडपटाचे पाच भाग येऊन गेले होते आणि त्यांवरून डावपेचांचा खेळ करायचा होता. एक चाल आपली, एक शत्रूची, असा. संगणकावर चढवण्याआधी ताई सगळं कागदावर खेळून बघायची. तिने मोठ्या कागदावर चौकोन आखले, खोडरबरांच्या भिंती उभ्या केल्या, आणि नायकाच्या जागी मला ठेवलं. मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्याच आठवड्यात चित्रपटवाल्यांचं पत्र आलं. खेळात नायक मरता कामा नये, त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा दिसता कामा नये.

"ज्याला गोळीच लागत नाही त्याच्यासाठी डोकं कोण चालवणार?" ताई वैतागली.

"ते तू बघ," साहेब म्हणाले. "मला पत्राबाहेर जाता येणार नाही."

म्हणून चित्रपटातल्या स्टंटवाल्या मामांना बोलावलं. पाचही भागांत नायकाच्या वाटचा मार मामांनी खाल्ला होता. पुलावरची उडी मामांची, काच फोडून आत घुसणारं डोकं मामांचं, आगीतून पळणारी पाठही मामांचीच. तोंड मात्र एकदाही दिसलं नव्हतं. चुकून दिसलं तर उडी पुन्हा मारावी लागायची. आता कंबरेत सळी होती आणि हातात काठी.

ताईने विचारलं, "मामा, एवढ्या गोळीबारात तुमच्या हिरोला काहीच कसं लागत नाही हो?"

"लागतं की," मामा म्हणाले. "मला लागतं."

सगळी खोली हसली. ताई हसली नाही. तिने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला नियम लिहिला. नायकावर झाडलेली गोळी त्याच्या शेजारच्या चौकोनात जो असेल त्याला लागेल. शेजारी कोणी नसेल तर नायक पकडला जाईल आणि मोहीम फसेल.

त्या दिवसापासून खेळाला रंग चढला. पेनाची टोपणं, नाणी, पेपरक्लिपा माझ्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहायच्या आणि एकेक करून आडव्या व्हायच्या. कोणाला आधी पुढे ढकलायचं यावरून माणसं खिदळत भांडायची. एरवी हीच माणसं एकमेकांना डब्यातला शेवटचा घास देताना मी पाहिली होती. चित्रपटवाले येऊन खेळले आणि बेहद्द खूश झाले. "अगदी आमच्या चित्रपटासारखं वाटतं," म्हणाले.

मामांचे उपकार फेडायचे म्हणून साहेबांनी जाहीर केलं, "पहिल्या मोहिमेत नायकाचा जोडीदार आहे, त्याला मामांचा चेहरा देऊ."

"माझा? समोरून?"

"समोरून, बाजूने, सगळीकडून."

मामांनी खिशातून काठीच्या टोकाचं झिजलेलं रबरी बूच काढलं आणि माझ्या शेजारच्या चौकोनात ठेवलं. "हा मी," म्हणाले. मग तिथूनच नातीला फोन लावला. "तुझा आजोबा दिसणार बरं का! तोंडासकट!"

पहिली मोहीम कशासाठी असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ती खेळणाऱ्याला नियम शिकवायला असते. जोडीदार मेल्याशिवाय ती पारच पडू नये, अशी ताईने रचली होती. ताईला ते ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं, दोघंही मूग गिळून बसले. मलाही ठाऊक होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण मी नायक होतो ना.

मग मामांच्या अंगभर ठिपके चिकटवून खेळासाठी त्यांचं पडणं कॅमेऱ्यांनी टिपून घेतलं. इतर सैनिकांसाठी हवंय, असं सांगितलं. गुडघ्यांवर, पाठीवर, भिंतीला घासत. दर वेळी कंबर धरून उठायचे आणि विचारायचे, "बरं पडलो ना? की अजून एकदा देऊ?"

"अजून एकदा द्या, मामा," ताई म्हणायची.

खेळ तयार झाला तेव्हा मामा नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आले. ताईने मला पडद्यासमोर ठेवलं होतं, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं.

"आजोबा! तुम्हीच आहात! गालावरचा तीळपण आहे!"

मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

पोरीने पहिल्यांदा आजोबांना भिंतीआड लपवलं. मोहीम फसली. दुसऱ्यांदा आणखी लांब लपवलं. पुन्हा फसली. तिसऱ्यांदा ती बराच वेळ चौकोनांकडे बघत राहिली.

"ताई, आजोबांना हिरोशेजारी उभं केलं तर?"

"करून बघ," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली.

गोळी सुटली. पडद्यावरचे मामा भिंतीला घासत खाली बसले, मामांनी दिलं होतं अगदी तसंच. दृश्य लगेच नायकाकडे वळलं. मोहीम फत्ते.

"जिंकले! आजोबा, मी जिंकले! आता पुढच्या मोहिमेत तुम्ही कुठे आहात?"

मामांनी ताईकडे पाहिलं.

"पुढे दुसरा जोडीदार येतो," ताई म्हणाली.

"मग चालेल," पोरगी म्हणाली आणि पुढची मोहीम उघडली. या वेळी तिने विचारसुद्धा केला नाही, पहिल्याच चालीला नव्या माणसाला हिरोशेजारी उभं केलं. मामा म्हणाले, "शाब्बास." जाताना अभिप्रायाचा कागद भरून दिला. खेळ समजायला सोपा वाटला का, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'हो. मुलीला लगेच समजला.'

आता मी कंपनीच्या दाराजवळ काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, 'मूळ नायक'. धूळ बसत नाही, कोणी हात लावत नाही. कधीकाळी मी रोज मरायचो, आता मला इथून सुटकाच नाही.

खेळ तुमच्याही घरी येईल. पहिल्याच मोहिमेत गालावर तीळ असलेला एक म्हातारा भेटेल. त्याला वाचवा असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्याला माझ्या शेजारी उभं कराल, मी ओळखतो तुम्हाला. फक्त त्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्या. तो पडला की खेळ तुम्हाला माझंच तोंड दाखवतो.